वाळत घातलेला पाय

माझ्या आत्याने आयुष्यभरात एकाच डॉक्टरला मान दिला, आणि तो रोज सकाळी खाडीपलीकडच्या डोंगरामागून उगवायचा. बाकीचे सगळे तिच्या लेखी भामटे. अलिबागचे डॉक्टर भामटे, कारण ते बसल्या जागेवरून औषध देतात. वैद्य भामटा, कारण तो पुड्या बांधतो आणि त्यात काय आहे ते सांगत नाही. आरोग्य केंद्रातली माणसं तर भामटी आणि वर सरकारी. सूर्य मात्र वेळेवर येतो, नाव-गाव विचारत नाही, रांगेत उभं करत नाही आणि रविवारी सुट्टी घेत नाही. पावसाळ्यात तो चार महिने गायब असतो, याबद्दल कुणी काही बोललं तर आत्या नाकातून एक आवाज काढायची, "ह्यॅ!" हा आवाज मी कागदावर नीट उतरवू शकत नाही, पण तो ऐकल्यावर समोरच्याला आपण जन्माला आल्याची थोडी लाज वाटायची, एवढं सांगते.

रेवसच्या अलीकडे, खाडीला टेकून आमचं गाव. गाव मिठागरवाल्यांचं, आणि आमच्या घरात ओलं ते कच्चं नि वाळलं ते झालं, असा सरळ न्याय होता. मिठागरात मीठ वाळायचं. अंगणात कोलंबीचे सोडे वाळायचे, जवळा वाळायचा, काठीवर तोंडात तोंड अडकवून बोंबील वाळायचे, छपरावर मिरच्या, कुंपणावर गोधड्या, भिंतीवर गोवऱ्या. एकदा माझं प्रगतिपुस्तक खाडीत पडलं, तेही आत्याने काढून सोड्यांच्या शेजारी वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते आधी हुंगलं आणि मग सही केली. आमच्या घरी येणाऱ्या माणसाला दारातूनच कळायचं की जेवायला काय आहे, काल काय होतं आणि पुढच्या पावसाळ्यात काय असणार आहे. आई चुलीवर भात ठेवायची, सोड्यांच्या कालवणाला फोडणी द्यायची, आणि ती फोडणी कमी-जास्त झाली हे आत्या अंगणातून, नुसत्या वासावरून, ओरडून सांगायची.

आत्या लग्न करून गेली आणि दोन वर्षांत परत आली. का, ते कुणी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडणाऱ्याकडे ती अशी बघायची की माणूस आपला प्रश्न गिळून वर पाणी मागायचा. ती उंच, काटकुळी, आणि तिचं नाक तिच्या आधी खोलीत यायचं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. मिठागरात पंधरा माणसांना हाताखाली वागवणारा हा गडी घरात आला की बहिणीसमोर एवढासा व्हायचा. तिला 'बाय' म्हणायचा आणि दिवसाकाठी चार शब्द बोलायचा. त्यातले दोन 'व्हय बाय' असायचे.

गावात कुणाला कापलं, भाजलं, खरचटलं, की माणूस आधी आत्याकडे यायचा. मिठागरात पाय फाटतात, खाऱ्या पाण्याने भेगा चिरतात, फावडं निसटतं. आत्याचं औषध सगळ्यांना एकच: आधी मिठागराच्या पाण्याने धुवायचं, म्हणजे माणूस किंचाळला की आतलं 'वाईट' बाहेर पडतं, मग नारळाच्या करवंटीची राख दाबून भरायची, मग ऊन. भर दुपारचं, डोक्यावरचं. वर पथ्य: मासा नाही, वांगं नाही, आंबट नाही. खाडीकाठच्या माणसाला महिनाभर मासा खाऊ नको म्हणणं म्हणजे श्वास एक आड एक घे म्हणण्यासारखं होतं. पण आत्याचा शब्द. लोक वरण-भात खात, रडत, उन्हात बसत, आणि कालांतराने बहुतेक जण बरे होत. ते तिच्यामुळे बरे होत की तिला न जुमानता, हा विचार गावात कुणाच्या डोक्याला शिवला नव्हता.

शिवणार तरी कसा? परवाचीच गोष्ट. आता नागावला माझं होमस्टे आहे, नारळाच्या वाडीत चार खोल्या. मुंबईचा एक पोरगा समुद्रात त्या हवेच्या केळ्यावर बसला आणि उतरताना वाळूत गुडघा सोलून आला. त्याच्या टोळक्यातल्या एकाने गुडघ्याला टूथपेस्ट लावली, दुसरीने माझ्या स्वयंपाकघरातून हळद उचलली, तिसऱ्याने मोबाइलवर काहीतरी वाचून कॉफीची भुकटी मागितली. शेवटी एक दाढीवाला इंजिनियर गंभीरपणे म्हणाला, "काही नको, हवा लागू दे, वाळली की बरी होते." मला वाटलं, आत्याच दाढी लावून परत आली. माझ्या नाकातून आपोआप तो आवाज निघाला. पोरं घाबरली. बरं झालं घाबरली. मग मी तो गुडघा स्वच्छ पाण्याने धुतला, टूथपेस्टचा फेस आणि हळदीचा रेंदा काढला आणि वर मलमाची पट्टी बांधली. बांधता बांधता माझा हात माझ्या उजव्या नडगीवर गेला. तिथे चार बोटं लांब, मासोळीच्या पोटासारखा पांढुरका वण आहे. त्याच्यावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही. तोही आत्यासारखा तुच्छतेनेच वागतो.

तेव्हा मी आठवीत होते आणि खो-खोमध्ये मला तोड नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सांगतेच आहे, पण खरंही आहे. खांबाला हात लावून मी अशी वळायचे की पाठलाग करणारी मुलगी पुढच्या चार पावलांत माझ्या नावाने बोंबलायची. तालुक्याच्या संघासाठी अलिबागच्या मैदानावर मुली निवडणार होते. सर म्हणाले होते, "पमे, तुझी जागा मी धरूनच चाललोय. तू फक्त त्या शनिवारी दोन पायांवर ये." तो शनिवार चार आठवड्यांवर होता. अलिबाग आमच्यापासून काही लांब नाही, पण तिथे नाव घेऊन मैदानात उतरलेली एकही मुलगी आमच्या गावात झाली नव्हती. मी पहिली होणार होते. हे मी गावाला रोज सांगत होते.

आणि कालवं काढायला गेले. ओहोटीला खडकांवर कालवं चिकटलेली असतात, टोकदार लोखंडाने त्यांचं झाकण उचकटून आतलं मांस काढायचं. बायका उकिडव्या बसून काढतात. मी उभ्या उभ्या, एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत, खो-खोचा सराव करत काढत होते. शेवाळ्यावर पाय सटकला. कालवाची कड म्हणजे देवाने निवांत बसून धार लावलेली वस्तू. आधी नडगीवर पांढरी रेघ दिसली, मग ती रेघ उघडली, आणि मग रक्ताला आठवलं की आपल्याला यायचंय. मी पायाकडे बघितलंच नाही. मला शनिवार दिसला.

घरी आणल्यावर आत्याने पाय बघितला आणि तिच्या चेहऱ्यावर अक्षरशः तेज आलं. मोठी जखम, तीही घरातली!

"रडतंस कं गो? मिठागरवाल्याची पोर ना तू? धर गो तिला," ती आईला म्हणाली, आणि हंड्यातलं मिठागराचं पाणी ओतलं. मी जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडच्या करंजापर्यंत गेली असणार.

"गेलं! गेलं वाईट!" आत्या समाधानाने म्हणाली.

"आते, शनिवारपरत बरं होईल ना?"

"कंच्या शनिवारपरत?"

"चार आठवड्यांनी."

"ह्यॅ! माझ्या हाताखाली दोन आठवड्यात ठणठणीत. फक्त ऊन चुकवायचं नाय."

मग रोज दुपारी अंगणात पालथी टोपली मांडायची, तिच्यावर माझा पाय, शेजारी चटईवर सोडे. माझ्या हातात कावळे हाकायची काठी. म्हणजे पायही वाळतोय आणि सोड्यांची राखणही होतेय. माझ्या आत्याच्या कारभारात आजारी माणसालाही रिकामं बसू देत नसत. कावळ्यांना आधी सोडे आवडत. चौथ्या दिवसापासून ते माझ्या पायाकडे बघू लागले. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून आपला एक उपाय सांगून जायची. एक म्हणे चुना लाव, एक म्हणे तपकीर भर, एक म्हणे माझ्या भावाला शाईने गुण आला. मी विचारलं, निळ्या की लाल? ती विचारात पडली.

राखेवर रक्त, रक्तावर राख, वर ऊन, असं करत नडगीवर एक काळी कडक खपली तयार झाली. आत्या रोज संध्याकाळी नखाने तिच्यावर टकटक करून आवाज ऐकायची, मडकं पारखतात तसा. "बग कशी वालली! दगूड झालाय दगूड!" ती शेजारणींना बोलावून आवाज ऐकवायची. मला मात्र त्या दगडाखाली काहीतरी ठुसठुसताना ऐकू यायचं. पाय वाकवला की खपलीला तडा जायचा, तड्यातून पिवळं पाणी यायचं. आत्या त्यात आणखी राख भरायची. शाळेमागे मी लपून धावून बघितलं, तर खपली मधोमध उभी फुटली आणि मी खांबाला मिठी मारून बसले. आठव्या दिवशी अंगात ताप, पाय गुडघ्यापर्यंत टम्म, आणि असा वास की सोडे लाजले.

"उष्नता निंगतेय," आत्या म्हणाली. "निंगू दे."

बाबा ओट्यावर बसून आपल्या पायांना तेल लावत होते. ते उठले, त्यांनी सायकल बाहेर काढली, मला उचलून मागे बसवलं.

"कुठं चाललास रं?" आत्या गरजली.

"दवाखान्यात," बाबा म्हणाले. आत्याला 'व्हय बाय' सोडून तिसरा शब्द त्यांनी दिलेला मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला.

आरोग्य केंद्रात एक सिस्टर होत्या. घाटावरच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा. आणि तुच्छतेच्या बाबतीत मला आयुष्यात भेटलेली आत्याच्या तोडीची एकमेव बाई. त्यांनी खपलीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा खपलीकडे बघितलं.

"हे काय आहे? रस्ता केलाय का हिच्या पायावर?"

बाबा आपल्या चपलांकडे बघू लागले.

"शिवायची होती ही. आठ दिवसांनी आता काय शिवणार? डांबर?"

मग त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेली फडकी खपलीवर ठेवली आणि आपलं दुसरं काम करायला निघून गेल्या. तासाभराने आल्या, पुन्हा भिजवली. ओढली नाही, खरवडली नाही. आत्या घासायची, या नुसत्या भिजवत बसल्या. शेवटी तो सगळा दगड मऊ होऊन एका बाजूने उचलला गेला, आणि खालून जे निघालं ते मी लिहीत नाही, कारण हे कुणी जेवताना वाचत असेल. सुई टोचली, जखम धुतली, मी अशी ओरडले की बाहेरच्या बाळांनी रडणं थांबवलं.

"ओरड, ओरड," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "ओरडणारी जखम चांगली. दुखतंय म्हणजे आतली माणसं कामावर आहेत. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्या जखमेची."

वर त्यांनी मलम लावलेली पातळ जाळी ठेवली, मग कापूस, मग पट्टी.

"ओली ठेवलीत?" बाबांनी घाबरत विचारलं.

"ओलीच ठेवायची. आणि झाकलेली. अहो, नवी कातडी वरून पडत नाही. ती काठाकाठाने आत चालत येते. तिला चालायला ओली जागा लागते. तुम्ही वर दगड बसवला तर ती बिचारी दगडाखालून बोगदा खणत येणार. मग कधी पोचायची? आणि मासे खाऊ दे हिला. अंडी, डाळ, सगळं. शरीर मांस बांधतंय, त्याला सामान नको?"

मासे! त्या बाईच्या मी तिथल्या तिथे पाया पडणार होते, पण पाय त्यांच्याच हातात होता. जाताना मी विचारलं, "सिस्टर, अजून वीस दिवसांनी शनिवारी मला खो-खो आहे."

"मग वीस दिवस आत्या-मावशीला हात लावू देऊ नको."

सिस्टर आठवड्यातून तीनदा आमच्या बाजूच्या गावांत फिरायच्या. बाळांना टोचायला, गरोदर बायकांना तपासायला. जाताजाता आमच्या ओट्यावर थांबून पट्टी बदलायच्या. त्या आल्या की आत्या दाराच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभी राहायची. बसायला पाट द्यायची नाही, चहा विचारायची नाही, पण पट्टी सुटायला लागल्यापासून नवी बांधून होईपर्यंत तिथून हलायचीही नाही. डोळे असे रोखलेले की मला वाटायचं, आता ही बाई जळून जाणार.

"ओलं ठेवून कुजवतंय पोरीचा पाय," ती हवेला सांगायची.

"कुजवलेला आणून दिला होतात, तो धुतेय," सिस्टर पट्टीला सांगायच्या.

"आमी काय लोकांना मारलाव काय आतापरत?"

"नाही. लोक चिवट आहेत इथले."

सिस्टरच्या हाती पाय गेल्यापासून दहाव्या दिवशी पट्टी सुटली आणि जखमेच्या तळाशी लालबुंद, ओलं, बारीक दाणेदार काहीतरी चमकलं. आईने तोंडाला पदर लावला. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. मी म्हटलं, "गाभोळी!" मासा चिरल्यावर आत अंड्यांची पिशवी निघते ना, थेट तशी.

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "हे नवं मांस. खड्डा भरतंय. आता कडेकडेने बघ. गुलाबी फीत दिसते? ती कातडी. रोज केसभर पुढे येते."

बाबा मिठागरातून नुकतेच आले होते, पायांवर मिठाची पांढरी रेघ. ते वाकून बराच वेळ माझ्या नडगीकडे बघत राहिले.

"मिठासारखंच हाय," ते म्हणाले. "कडेनं धरतंय."

आत्याला संधी मिळाली. "मीठ वालतंय तवा धरतंय! ओल्यात कवा धरलंय कं रं?"

बाबा उभे राहिले. त्यांना घाम फुटला होता, पण धंद्याचा मामला होता, तिथे माणूस खोटं बोलू शकत नाही. "पान्यातच धरतं, बाय. पानी असताना धरतं. पानी पार आटलं, की मीठ वाढायचं थांबतं. आनि मिठाची कोंडी रिकामी वालली तर नुसता चिखल भेगालतो." एवढं बोलून ते आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

सगळं आयुष्य मिठात घालवून आपण ही गोष्ट उलटी धरून बसलो, हे आत्याला त्या क्षणी कळलं असेल का? तिने "ह्यॅ" केलं, पण तो आवाज अर्ध्यावरच थांबला. हे मी टिपून ठेवलं. मी वाईट मुलगी होते.

सतराव्या दिवशी दोन्ही काठ मधोमध भेटले. जखम मिटली. वर तकतकीत, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. सिस्टर म्हणाल्या, "आता उघडी ठेवलीस तरी चालेल. शनिवारी सकाळी मी इकडून जाणार आहे, एकदा बघून जाईन. नवी कातडी आहे, जुनीइतकी चिवट व्हायची नाही कधी. पण धाव." सरांची मुलींना घेऊन जाणारी बस शनिवारी सकाळीच निघणार होती. मी म्हटलं, सिस्टर येवोत न येवोत, मी बसमध्ये असणार.

आणि इथे आमच्या घरात चमत्कार झाला. आत्या पट्टीची बाजू घ्यायला लागली.

"कच्ची हाय अजून. बांध पट्टी."

"पन सिस्टर बोलली..."

"तिला काय कलतंय? मी सांगतंय ना, कच्ची हाय. आनि शनिवारी जायचं नाय. ती बाई येल तवा पाय दाखव, मलम माग, जास्ती माग."

सतरा दिवस त्या मलमाला शिव्या देणारी ही बाई! मला संशय आला. सिस्टर मधल्या दिवसांसाठी मलमाची डबी आणि पट्ट्या ठेवून जायच्या. डबी रिकामी होती. पट्ट्या तीन होत्या, त्यातली एक उरली होती. आई म्हणाली, मी नाही घेतल्या. बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवारी भर दुपारी, ज्या वेळी आत्या रोज 'बांधावर जाऊन येते' म्हणून निघायची, मी तिच्या मागे गेले. बांधाच्या पलीकडे, मिठाची पोती ठेवायच्या छपराच्या सावलीत ती बसली होती. पालथी टोपली होती. टोपलीवर तिचा डावा पाय होता. पायाला माझी पट्टी होती.

ती पट्टी सोडत होती आणि हलक्या हाताने, थेट सिस्टरसारखी, घासत नव्हती, भिजवत होती. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, रुपयाएवढं भोक होतं. खोल. काठ पांढरे, कडक, वाळल्या मिठागरासारखे भेगाळलेले. मला बघून ती दचकली नाही. उलट चिडली.

"काय बगतंस?"

"आते, कवापासून हाय हे?"

"गेल्या मोसमाचं हाय. मिठात खडा घुसला व्हता. ऊन दावत व्हते रोज. आता तुजं मलम लावतंय आठ दिस."

"दुखत असल ना गो?"

"ह्यॅ!" ती अभिमानाने म्हणाली आणि त्या भोकात बोट घालून दाखवलं. "जरा बी नाय. टाचनी टोचली तरी कलत नाय. मिठागरवाल्याचा पाय हाय."

मला सिस्टर आठवल्या. न ओरडणारी जखम.

"सिस्टरला दाखव ना."

"तिच्यासमोर पाय पसरू? गाव माज्याकडं येतंय जखमा घेऊन, मी तिच्याकडं जाऊ? पमे, तू पट्टी बांध, पाय कच्चा हाय सांग, मलम घेत ऱ्हा. माजा भरला की मग तुजं खो-खो. पुढल्या वर्षी खेल. कुनाला बोललीस तर मी तुजं तोंड बगनार नाय."

आता इथे मी लिहायला हवं की मला आत्याची दया आली. नाही आली. मला तिचा प्रचंड राग आला. बस सकाळी सुटणार होती. गप्प बसून बसमध्ये चढावं, आत्याचं काय व्हायचं ते होवो, असं मी घरी येईपर्यंत शंभरदा ठरवलं. पण माझा बरा झालेला पाय दिसला की सिस्टरचं येणं थांबणार, आणि आत्या पुन्हा उन्हात बसणार, हे मला चांगलंच कळत होतं. आणि तिने सांगितलं तसं गप्प राहून पट्टी बांधली, तरी त्या मलमाने ते भोक भरणार नव्हतं. आतली माणसं कामावरच नव्हती.

शनिवारी सकाळी बस वडाशी थांबली, सरांनी तीनदा हॉर्न वाजवायला लावला. मी ओट्यावर उजव्या नडगीला पट्टी बांधून बसले होते. सर उतरून आले, पट्टी बघितली, "अरेरे" म्हणाले आणि गेले. आत्या खांबाला टेकून उभी. तिच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, कौतुक होतं.

सिस्टर आल्या. पट्टी सोडली. खाली तकतकीत गुलाबी पाय. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय नाटक आहे? खो-खोला का नाही गेलीस? दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

मी मोठा श्वास घेतला. गावातल्या गणपतीत मी एवढी भूमिका वठवली नव्हती. पट्टीच्या आमिषाने आत्या खांबापाशीच उभी होती; मी तिच्याकडे हात लांब केला, बोट रोखलं, आणि म्हटलं, "माझं नाही दुखत, सिस्टर. पण तिचंही दुखत नाही."

एका क्षणात त्यांचा चेहरा बदलला. त्या उठल्या आणि आत्यासमोर जमिनीवर बसल्या, थेट मातीत. "पाय दाखवा." आत्या म्हणाली, "चल, ह्यॅ..." सिस्टरनी तिचा घोटा धरला. आत्याने खांब धरला. दोघी तुल्यबळ. मग आतून बाबा आले आणि म्हणाले, "बाय, बस." ती बसली.

सिस्टरनी तळवा बघितला. एकही टोमणा मारला नाही. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. त्यांनी फक्त विचारलं, "मोरीत यांच्या लघवीला मुंग्या लागतात का हो?" आई म्हणाली, "लागतात. किती दिवस झाले."

रक्तात साखर होती, भरपूर. त्याच दुपारी अलिबागला नेलं. अंगठा गेला, पाय राहिला. सिस्टर नंतर आईला म्हणाल्या की महिनाभर उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. जखम भरायला पार गणपती उजाडले. साखर असली की शरीर मजुरासारखं काम करतं, पण उपाशी मजुरासारखं. माझ्या जागी निवडलेली मुलगी अलिबागला पहिल्याच डावात बाद झाली. पुढच्या वर्षी मी उंच झाले, जड झाले आणि खो-खो संपला. गावातली पहिली मी झाले नाही. झाली ती दुसरी कुणीतरी, बऱ्याच वर्षांनी. माझ्याइतकी चांगली खचितच नसणार.

आत्याने गावाला सांगितलं की अंगठा त्या बाईने ओलं ठेवल्यामुळे गेला आणि पाय उन्हामुळे वाचला. गावाने विश्वास ठेवला. माझ्याशी ती दिवाळीपर्यंत बोलली नाही. पण सिस्टरनी घालून दिलं होतं की रोज सकाळी आंघोळीनंतर दोन्ही तळवे तपासायचे, कारण पाय स्वतः काही सांगणार नाही. आणि तळव्याचं बारीक काही आत्याला वाकून दिसायचं नाही. आई चुलीशी, बाबा मिठागरात. राहिले मी. मग रोज सकाळी ती ओट्यावर बसायची, पालथ्या टोपलीवर पाय ठेवायची, आणि तोंड खाडीकडे फिरवायची, कुणी मोलकरीण आपले पाय बघतेय अशा थाटात. मी बोटांच्या मधल्या फटी उघडून बघायचे, टाच दाबायचे, अंगठ्याच्या जागेचा वण तपासायचे. दिवाळीनंतर ती बोलायला लागली, आणि मग माझं लग्न होईपर्यंत आमचं तेवढंच बोलणं रोज ठरलेलं होतं.

"काय हाय?"

"काय नाय."

"मग बगतंस कशाला?"

आता साखर मलाही आहे. आत्याने नाक, आवाज आणि ही साखर, तिन्ही मला दिलंय. रोज सकाळी पाहुणे उठायच्या आत मी मागच्या पायरीवर बसते, बादली पालथी घालते, तिच्यावर पाय ठेवते आणि हातातल्या आरशात तळवा बघते. वाकून दिसत नाही हल्ली. काल तो सोललेल्या गुडघ्याचा पोरगा लंगडत तिथे आला आणि म्हणाला, "काकू, काय झालंय पायाला?"

"काय नाय," मी म्हटलं.

"मग बघताय कशाला?"

मी त्याच्याकडे बघून तो आवाज काढला. मग त्याला शेजारी बसवलं आणि त्याची पट्टी सोडली.